इंदूताईंनी न दिलेली यादी

गेल्या आठवड्यात सातपूरच्या एका गृहस्थाने माझ्या फळीवर एक पत्र आणून ठेवले. ‘आपल्या व्यवसायाच्या नोंदणीच्या अनुषंगाने खालीलप्रमाणे अतिरिक्त माहिती विहित मुदतीत सादर करावी, अन्यथा आपला अर्ज निकाली काढण्यात येईल,’ असा त्यातील मजकूर होता. हा मजकूर मला नवीन नाही. त्यातला स्वल्पविराम कुठे चुकतो हेदेखील मला पाठ आहे. गृहस्थ घाबरलेले होते. त्यांनी विचारले, “हे सगळं द्यावंच लागतं का हो?” मी सवयीने “द्यावंच लागतं” असे म्हणालो, आणि म्हटल्याबरोबर मला इंदूताई भामरे यांची आठवण झाली. त्या समोर असत्या तर त्यांनी मला ते वाक्य पुरे करू दिले नसते.

मी अर्जलेखक आहे. ज्या कार्यालयाच्या कुंपणाला टेकून मी बसतो त्याचे नाव येथे देत नाही, कारण मला उद्याही तिथेच बसायचे आहे. शाळा मी नववीत सोडली. परंतु शासकीय मराठी मला जितकी अवगत आहे तितकी आत बसणाऱ्या पदवीधरांना नाही, हे त्यांच्यापैकीच दोघातिघांनी खासगीत मान्य केलेले आहे. पूर्वी माझ्याकडे टंकलेखन यंत्र होते, आता शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर काम चालते. यंत्र बदलले तरी माझा नियम बदलला नाही: रकाना रिकामा सोडायचा नाही. शासनाला माहिती मागण्याचा अधिकार आहे, आणि ती मिळाली की शासन शांत होते. जे विचारले ते लिहावे, जे विचारले नाही ते लिहू नये, आणि नोंदणीचा नंबर घेऊन घरी जावे. या नियमावर मी शेकडो दुकाने, गिरण्या, वर्कशॉप आणि रसवंत्या मार्गी लावल्या. इंदूताईंचे काम मात्र माझ्याकडून मार्गी लागले नाही, आणि त्याची चीड अजूनही माझ्या मनातून गेलेली नाही. ती कोणावर काढावी हे ठरत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

पन्नाशी उलटलेली, बुटकी, रुंद खांद्यांची बाई. पदर कमरेला घट्ट खोचलेला. दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत तव्याचे चटके बसल्याचे जुने डाग. माहेर आणि सासर दोन्ही सटाण्याच्या पलीकडचे. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे सातपुरात आल्या. इतकी वर्षे इथे राहून त्यांची अहिराणी निम्मी मराठी झाली होती, पण एक शब्द त्यांनी जसाच्या तसा जपला होता. तो शब्द म्हणजे ‘कसाले’. म्हणजे कशासाठी. कोणीही काहीही विचारले की आधी “कसाले?” आणि मग पटले तर उत्तर. आमच्या कार्यालयातले लोक त्यांना पुढे पुढे कसालेताईच म्हणू लागले. त्यांना ते कळले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. “बरं शे,” म्हणाल्या, “निदान एक तरी प्रश्न ध्यानात रायना त्यास्ले.”

सातपूरच्या एका वर्कशॉपच्या मागे त्यांनी गाळा भाड्याने घेतला होता. तिथे तेरा-चौदा बाया पोळ्या लाटत आणि भाजत, आणि त्या पोळ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनला जात. बरीच वर्षे हे काम तोंडी विश्वासावर चालले. मग कॅन्टीनचा ठेकेदार म्हणाला, “ताई, आता वरून आदेश आहे. ज्याची नोंदणी त्याचाच माल. दिवाळीपर्यंत नंबर आणा, नाहीतर मला दुसरीकडून घ्याव्या लागतील.” तो नंबर आला नाही तर गाळा बंद आणि सगळ्या बाया घरी, इतके सरळ प्रकरण होते. असे सरळ प्रकरण घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि पहिल्या रकान्यापासूनच ते वाकडे व्हायला लागले.

“जन्मतारीख?” मी विचारले. त्यांच्या आधार कार्डावर नुसते साल होते.

“कसाले?”

“नोंदणीला लागते.”

“पोळी लाटाले जन्मतारीख लागस का?”

“तुम्हाला लागत नसेल, शासनाला लागते. सांगायची नसेल तर तसं सांगा.”

“लपवत नही मी, भाऊ. आईले माहीत व्हतं. ती गई. आते तुम्हीच एक चांगला दिवस पाहा.”

मी निम्म्या महाराष्ट्राला देतो तोच दिवस त्यांनाही दिला, एक जून. त्यांनी तो आनंदाने घेतला. स्वतःबद्दल काय लिहिले जाते याची त्यांना फारशी पर्वा नव्हती. शिक्षण या रकान्यात मी ‘प्राथमिक’ लिहिले तेव्हा, “जास्तच झालं,” एवढेच म्हणाल्या. त्यामुळे माझा असा समज झाला की बाई तोंडाळ असली तरी कामाला सोपी आहे.

त्यांची आणखी एक सवय होती. कोणाचाही जेवणाचा डबा उघडा दिसला की त्या त्यातली पोळी न विचारता उचलत, उजेडाकडे धरत आणि तिच्याआरपार पाहत. एकदा माझ्या डब्यातली पोळी अशीच उचलली. उलटसुलट केली. परत ठेवली.

“काय झालं?” मी विचारले.

“काही नही. वहिनीले सांगा, कणीक भिजवीसन जरा वेळ झाकी ठेवा. घाई करतस.”

हे मी घरी सांगायला नको होते. सांगितले, आणि माझ्या पत्नीने दोन दिवस माझ्या डब्यात भात दिला. पुढे एकदा या इंदूताई कोण आहेत ते पाहायला ती मुद्दाम माझ्या फळीपर्यंत आली. दोघींनी माझ्या देखत पाऊण तास कणकेवर चर्चा केली. त्यात माझा उल्लेख एकदाच आला, तोही मीठ कमी खाण्याच्या संदर्भात. मला सांगावेसे वाटते ते इतकेच, की ही बाई दुसऱ्याच्या डब्यात निःसंकोच हात घाली, पण दुसऱ्याच्या घरात काय चालले आहे हे तिने आपण होऊन कधी कोणाला विचारले नाही. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात हे मला तेव्हा उमगले नव्हते.

अर्ज दाखल झाला. अपेक्षेप्रमाणे वर दिलेल्याच मजकुराचे पत्र आले. अतिरिक्त माहिती म्हणून काम करणाऱ्या सर्व व्यक्तींची यादी मागितली होती: संपूर्ण नाव, राहण्याचा पत्ता, आधार क्रमांक, भ्रमणध्वनी. मी म्हणालो, “आता नावं सांगा.”

त्यांनी या वेळी ‘कसाले’ म्हटले नाही.  “एकदा गाळ्यावर या,” म्हणाल्या.

मी गेलो. दुपारची वेळ होती. आत तव्यांचा असा काही उष्मा होता की चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. मी दारात पाऊल टाकताच लाटण्यांचा आवाज थांबला आणि सगळ्या बायांनी भिंतीकडे तोंड केले. “लिखनारे भाऊ शेतस,” इंदूताई म्हणाल्या, “पोलिस नहीत.” तेव्हा कुठे लाटणी पुन्हा सुरू झाली. मग माझ्या लक्षात आले की या गाळ्यात कोणीच कोणाला नावाने हाक मारत नाही. “मनमाडची, तवा कमी कर.” “पेठची, पिठी दे इकडे.” “ए नांदगावची, डबा मोजला का?” खेड्यात सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारण्याची रीत आहे, तीच इंदूताईंनी इथे आणली होती. पेठची म्हणून जी होती ती अगदी लहान वयाची होती, आणि कोणी हाक मारली की एवढीशी “व्हय” म्हणून ओ देई.

“यांची खरी नावं?” मी बाहेर आल्यावर विचारले.

“काहीसनी माहीत शेतस. काहीसनी मी ईचारी नहीत.”

“म्हणजे? तुमच्याकडे वर्षानुवर्षं काम करतात आणि तुम्हाला नाव माहीत नाही?”

“ती येस, लाटस, पैसा लेस, जास. नाव कसाले?”

मी डोक्याला हात लावला. तरीही मुदत जवळ आल्याने त्यांनी शेवटी एक यादी सांगितली आणि मी ती निमूटपणे टंकलिखित करून दिली. खिडकीवर पगारे नावाचा लिपिक असतो. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. त्याने यादी वाचली, चष्मा वर केला आणि मला म्हणाला, “नाना, ही कामगारांची यादी आहे का एस.टी.चं वेळापत्रक? मनमाड, नांदगाव, येवला, पेठ, कळवण. मधे चांदवडला गाडी थांबत नाही का?”

रांगेतले लोक हसले. इंदूताईही हसल्या. “चांदवडची व्हती,” त्या म्हणाल्या, “बाळंतपणाले गई.”

पगारेने हसू आवरले आणि जरा बाजूला घेऊन समजावले, तेही चांगल्या शब्दांत. “ताई, नावं लागतीलच. आम्ही ती भरतो. भरली की प्रत्येकीच्या आधारला जो मोबाइल जोडलेला आहे त्यावर मेसेज जातो, की तुमची अमुक ठिकाणी कामगार म्हणून नोंद झाली. त्यांचा फायदाच आहे.”

“मोबाइल कोणा?”

“आधारला जोडलेला असेल तो.”

“तो तर त्यासना नवरासना खिशात शे.”

“मग काय झालं? नवऱ्यालाच जाईल ना, परक्याला थोडाच.”

त्या खिडकीपासून वळल्या. कुंपणाबाहेर आल्या आणि माझ्या फळीवर बसल्या. मी त्यांना फळीवर बसलेले त्या दिवशी प्रथमच पाहिले. एरवी त्या उभ्यानेच बोलत. मग त्यांनी मला मनमाडचीचे सांगितले. येथे मी गाव बदलून लिहितो आहे, वाचकांनी तपास करू नये.

मनमाडचीचा नवरा एका कारखान्यात मशीनवर होता. तो कारखाना बंद पडला. हे त्याने घरी सांगितले नाही. रोज सकाळी तो बायकोने दिलेला डबा घेऊन निघे आणि संध्याकाळपर्यंत द्वारका चौकात पुलाखाली बसे. कारखाना सोडताना जी रक्कम मिळाली होती, त्यातून पगार म्हणून तो महिन्याच्या महिन्याला थोडे थोडे घरी देई. बायकोला पहिल्या महिन्यातच सगळे कळले होते. तिने तसे दाखवले नाही. तो निघून गेला की ती गाळ्यावर येई आणि त्याच्या आधी घरी पोहोचे. पोळ्यांच्या पैशातून ती डब्यात डाळ, तांदूळ, तेल भरत राही. त्याची रक्कम जास्त दिवस पुरावी म्हणून. घर आपल्या पैशावर चालते असे त्याला वाटावे म्हणून.

“त्या माणूसले द्वारकेले बसेल जागी मेसेज यी,” इंदूताई म्हणाल्या. “की तुन्ही बायको पोया लाटस. मंग तो घर कसा यी?”

इतरांच्या गोष्टी याहून लहान होत्या, पण होत्या. कोणाच्या घरी शिवणाच्या क्लासला जाते असे सांगितलेले, कोणाच्या घरी आजारी मावशीकडे. एकीचा दीर त्याच कॅन्टीनमध्ये जेवायचा आणि पोळ्यांची तारीफ घरी येऊन सांगायचा. ती ऐकताना भावजय भाजी ढवळत राही.

मी माझ्या परीने मार्ग काढण्याचा प्रयत्न केला. सर्व बायांच्या नावापुढे इंदूताईंचाच मोबाइल देता येईल का, असे मी पगारेला विचारले. येत नाही, असे उत्तर आले. मग मी एक विनंती अर्ज लिहिला. उपरोक्त माहिती ही महिला कामगारांच्या कौटुंबिक प्रतिष्ठेशी निगडित असल्याने ती सीलबंद लिफाफ्यात स्वीकारण्यात यावी, तिचा वापर केवळ कार्यालयीन कामापुरता मर्यादित ठेवण्यात यावा आणि संदेश पाठविण्यातून सदर व्यक्तींना वगळण्यात यावे, अशी त्यात मागणी होती. त्या अर्जाइतका चांगला मसुदा माझ्या हातून क्वचितच उतरला असेल. मी तो इंदूताईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकला.

“गोड वाचतस तुम्ही,” त्या म्हणाल्या. “आते मराठीत सांगा, काय लिखं.”

त्या अर्जाला एका ओळीचे उत्तर आले. ‘अशी तरतूद नाही.’ खाली सही. मी तीन परिच्छेद लिहिले होते आणि त्यांनी माझ्या एकाही मुद्द्याला हात लावला नव्हता. नाकारायचे तर नाकारावे, पण वाचून नाकारावे, इतकी अपेक्षा मी ठेवू नये काय?

शेवटी कार्यालयाच्या साहेबांनी सुनावणीला बोलावले. मी सोबत आत गेलो. साहेबांविषयी मला वाईट लिहिता येत नाही, हीच माझी अडचण आहे. त्यांनी इंदूताईंना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवले.

“ताई,” साहेब म्हणाले, “ही माहिती मागण्याचा मला अधिकार आहे. तुम्हाला ती द्यावी लागेल.”

“अधिकार शे, मी नही म्हणत नही. पण कसाले, ते तरी सांगा.”

मला वाटले साहेब चिडतील. ते चिडले नाहीत. टेबलावरचा पेपरवेट त्यांनी बाजूला सरकवला आणि इंदूताईंच्या हातांवरच्या डागांकडे बोट केले. “हे कशाचे आहेत?”

“तवाना.”

“तुमच्याकडे दुसऱ्या कोणाला कधी भाजलं आहे?”

इंदूताईंनी सांगितले, “कळवणचीना हात भाजना व्हता. मीच लई गई दवाखान्यात.”

“फार भाजलं असतं तर? सिलिंडरच उडाला असता तर? तिच्या घरच्यांना तर माहीतही नव्हतं ती तिथे आहे म्हणून. नुकसानभरपाई कोणी मागितली असती, आणि कोणाच्या नावाने? ती तिथे काम करत होती याला पुरावा काय? ताई, मला त्यांच्या घरात डोकवायचं नाही. एखादी बाई गेली, तर ती होती एवढं तरी कागदावर असावं.”

 मी इंदूताईंच्या तोंडून तो शब्द निघण्याची वाट पाहत होतो आणि तो निघाला नाही. त्यांना साहेबांचे म्हणणे पटले होते. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पटले नसते तर पुढचे सगळे सोपे झाले असते.

“तुम्हाले अधिकार शे,” त्या उठत म्हणाल्या. “मले नही. मी बायास्ले ईचारीसन येस.”

“आठ दिवस देतो,” साहेब म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून विचारले नाही. काम संपल्यावर एकेकीला बसथांब्यापर्यंत सोडायला त्या जात आणि वाटेत विचारत. एकीसमोर दुसरीने लाजू नये म्हणून. साहेब काय म्हणाले तेही सांगत, मेसेजचेही सांगत, काही न लपवता. नांदगावची विधवा होती. ती म्हणाली, “लिहा माझं नाव, चांगलं ठळक लिहा. रेशनकार्डाशिवाय ते कुठंच नाही.” आणखी दोघी तयार झाल्या. पेठचीने “सासूला विचारते” म्हटले आणि दुसऱ्या दिवसापासून ती कामावर आलीच नाही. येवल्याची रडली. मनमाडचीने ऐकून घेतले, होय म्हटले नाही, नाही म्हटले नाही. बसमध्ये चढताना तिने फक्त इंदूताईंचे मनगट धरले आणि सोडले.

हे सगळे ऐकल्यावर मी माझ्या अनुभवानुसार सल्ला दिला. “तयार आहेत त्या तिघींची नावं द्या. बाकीच्या कागदावर नाहीत असं समजा. सगळे असंच करतात. कोणी मोजायला येत नाही.”

“आनि बाकीन्या?”

“त्या गाळ्यात येतील, काम करतील, पैसे घेतील. फक्त कागदावर नसतील.”

“साहेब म्हने, भाजनी तर कळाले पाहिजे. जिनं नाव नही तीच भाजनी तर? मंग मी काय सांगू, ही बाई नव्हतीच म्हनीसन?”

“इंदूताई, तुम्ही स्वतःची जन्मतारीख माझ्याकडून घेतली. तेव्हा तुम्हाला खोटं चाललं.”

“ती मन्ही व्हती. उभी बाईले मी नही कशी म्हनू?”

मला राग आला. माझ्या आवाजाने झेरॉक्सवाला बाहेर डोकावला. मी म्हणालो की तुमच्या या हट्टापायी तयार असलेल्याही घरी बसतील, नसलेल्याही बसतील, कॅन्टीन दुसऱ्याला जाईल आणि मनमाडचीच्या डाळीच्या डब्यात काही पडणार नाही ते वेगळेच. यात माझे काही चुकले असे मला आजही वाटत नाही. 

“बसतीन,” त्या म्हणाल्या. “पन आपापला घर बसतीन. झाकेल झाकेलच राही.”

आठवा दिवस उजाडला तेव्हा त्या अर्ज मागे घ्यायला आल्या. मी कागद काढला. पण अर्ज मागे घेण्यासाठीही अर्ज लागतो, आणि त्यातही रकाना असतो: ‘मागे घेण्याचे कारण.’ इतकी माहिती नको म्हणून जी बाई परत चालली होती तिला जाता जाताही माहिती विचारणारा तो रकाना पाहून माझेच डोके फिरले. मी म्हणालो, “वैयक्तिक कारणास्तव असं लिहितो. सगळ्याला चालतं.”

“वैयक्तिक म्हनजे?”

“म्हणजे तुमचं स्वतःचं. दुसऱ्याला न सांगण्यासारखं.”

“मन्हं काहीच नही त्यामा.”

“मग काय लिहू?”

त्यांनी फार विचार केला नाही. “लिखा, बायास्ले ईचारं. त्या नको म्हनन्यात.”

मी लिहिले: ‘संबंधित महिला कामगारांची संमती प्राप्त होऊ न शकल्याने.’ वाचून दाखवले. त्यांनी मला विचारले, “हाई कोन बोलनं?” मी ती ओळ खोडली आणि त्यांनी सांगितली तशीच लिहिली, अहिराणीत, शासकीय अर्जावर. आजवर मी असा अर्ज दुसरा लिहिलेला नाही. पगारेने खिडकीवर तो दोनदा वाचला. या वेळी त्याने विनोद केला नाही. संगणकावर कारणांची ठरलेली यादी असते, त्यात हे कारण सापडेना. “‘इतर’ टाकतो, ताई,” तो म्हणाला, आणि त्याने ‘इतर’ टाकले.

दिवाळीनंतर त्या कॅन्टीनला यंत्रावरच्या पोळ्या येऊ लागल्या. गाळ्यात आता कोणीतरी रंगाचे डबे साठवतो. नांदगावची, मला कळले तसे, एका मंगल कार्यालयात भांडी घासते, आणि तिथे तिचे नाव कोणी विचारलेले नाही. वर्षभराने भामरे कुटुंब सटाण्याकडे गेले. द्वारकेच्या पुलाखाली डबा घेऊन बसलेले बरेच लोक असतात. त्यांतला मनमाडचीचा नवरा कोणता, हे मी कधी शोधले नाही. साहेबांची बदली झाली. ते गेले तेव्हाही माझ्या मनात हाच गोंधळ होता की साहेबांचे बरोबर होते, इंदूताईंचेही बरोबर होते, आणि तरी शेवटी तेरा-चौदा बायांचे काम गेले. याविरुद्ध दाद मागायची तर ती कोणाकडे, हे मला आजही सांगता येत नाही. दाद कोणाकडे मागावी, हेच तर मी लोकांना रोज सांगतो.

अर्ज मागे घेतला त्या दिवशी मी त्यांना शेवटचे पाहिले. पोचपावतीची प्रत त्यांनी हातात घेतली आणि त्या फाटकातून रस्त्याकडे गेल्या. समोर बसथांबा आहे. तिथे काही बाया उभ्या होत्या आणि त्यांतल्या एकीचा चेहरा मला ओळखीचा वाटला. मग दुसरीचा. गाळ्यातल्याच होत्या त्या, काय झाले ते ऐकायला आलेल्या. पण एकमेकींपासून लांब लांब उभ्या होत्या. एक खांबाला टेकून, एक फळवाल्याच्या गाडीशी, एक रिक्षांच्या मागे डोक्यावर पदर घेऊन. कोणी पाहिले तर या बाया एकमेकींना ओळखतात असे म्हणाले नसते. इंदूताई त्यांच्या मधून चालत गेल्या. कोणाशी बोलल्या नाहीत, मान हलवली नाही. प्रत्येकीने त्यांच्याकडे एकदा पाहिले, आणि त्या पुढे गेल्या तशी ती रस्त्याकडे पाहू लागली. सातपूरची बस आली. इंदूताई पुढच्या दाराने चढल्या. बाकीच्या मागच्या दाराने, एकेक करून, मध्ये दुसऱ्या प्रवाशांना जाऊ देत.